खालचा रंग

हॉस्पिटलमध्ये तिला सगळे ‘नऊ नंबर’ म्हणायचे. आतल्या कुठल्याही फोनवरून नऊ दाबलं की तिचा आवाज यायचा, म्हणून. मोठ्या सर्जनपासून धुलाईखात्यातल्या माणसापर्यंत सगळ्यांना तो आवाज पाठ होता. पण जिन्यात समोरासमोर आली असती तर निम्म्यांनी तिला ओळखलंही नसतं. तळमजल्यावर, रक्ततपासणीच्या मागे, खिडकी नसलेल्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसायची आणि येईल तो फोन जिथे जायला हवा तिथे जोडून द्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण हॉस्पिटलला फोन करणारी माणसं धड बोलण्याच्या मनःस्थितीत नसतात. कुणी नुसतंच रडतं, कुणी रुग्णाचं सोडून स्वतःचंच नाव सांगतं, कुणाची गाडी “ते हो, काल आणलंय त्यांना, डॉक्टर उंचसे आहेत” एवढ्यावर अडते. नऊ नंबर एकदोन प्रश्न विचारायची आणि माणूस बरोबर ठिकाणी पोचायचा. या गोष्टीचा तिला अभिमान होता. तिनं तो कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

नवराही तिला फोनवरच भेटला. तो लिफ्टमिस्त्री होता. हॉस्पिटलच्या लिफ्टची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती. लिफ्टमध्ये एक फोन असतो, मध्येच अडकलेल्या माणसानं उचलायचा. तो थेट तिच्या टेबलावर वाजायचा. एके दिवशी तो वाजला. तिनं घाईघाईनं उचलला, तर पलीकडून शांत आवाज आला, “लिफ्टमधून बोलतोय. कुणी अडकलेलं नाही. फोन चालतो का बघतोय.”

“चालतो,” ती म्हणाली.

“आवाज स्पष्ट येतोय?”

“येतोय.”

“मग ठीक आहे,” तो म्हणाला, पण फोन काही ठेवला नाही.

त्यानंतर त्या लिफ्टचा फोन गरजेपेक्षा फारच वेळा तपासला जाऊ लागला. शेवटी तिनंच विचारलं, “बिघाड फोनमध्ये आहे का मिस्त्रींमध्ये?” तेव्हा कुठे तो जिना उतरून तिच्या खोलीच्या दारात आला.

गडी बोलका. घरी बोलण्याचं काम त्याचं आणि ऐकण्याचं तिचं, अशी वाटणी आपोआप झाली, आणि दिवसभर बोलून दमलेल्या बाईला ती सोयीचीच होती. मिस्त्री लिफ्टच्या गोष्टी सांगायचा: कोण कोणाबरोबर अडकलं, कोणाची कशी गाळण उडाली, कुठल्या साहेबांनी आत बसून देवाचा धावा केला. “आमच्या धंद्यात चढउतार रोजचेच,” हा विनोद त्यानं स्वतःच्या लग्नात केला, मुलीच्या लग्नात केला आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभातही केला. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी तोच हसला.

रॉकेटचा नाद त्याला निवृत्तीच्या आसपास लागला. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, निमुळतं प्लास्टिकचं टोक, पोटात घडी घातलेलं पॅराशूट आणि शेपटीत दारूचं छोटं काडतूस. शहराबाहेर एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी होती. तिथे रविवारी असले दहापंधरा उद्योगी जमायचे. “जन्मभर दोराला बांधून वर नेलं,” तो म्हणायचा, “आता जरा बिनदोराचं काहीतरी वर जाऊ दे.” त्याचं शेवटचं रॉकेट पांढरंशुभ्र होतं. ते ढगाळ आकाशात असं मिसळलं की कुठे पडलं ते कुणालाच दिसलं नाही. त्या रविवारी घरी येऊन त्यानं त्या रॉकेटबद्दल जेवणभर बडबड केली.

पुढे काही महिन्यांनी, एका सकाळी, बुटाची नाडी बांधता बांधता तो तिला काहीतरी म्हणाला. वाक्य पूर्ण होतं, सूर नेहमीचा होता, शेवटी प्रश्नही होता. पण त्यातला एकही शब्द जागेवर नव्हता. तिनं वळून पाहिलं तर नाडी त्याच्या उजव्या हातातून सुटून लोंबत होती.

तिच्याच हॉस्पिटलमध्ये त्याला नेलं. जीव वाचला. पाय पुष्कळसा सुधारला, काठी घेऊन तो चालू लागला. उजवा हात मात्र कामापुरताही राहिला नाही. आणि शब्द गेले. गेले म्हणजे, होते कुठेतरी, पण एकमेकांत मिसळले होते. चष्मा हवा असला की तो “चमचा” म्हणायचा. दार म्हणजे “शनिवार”. मुलीचा फोन आला की खुशीत येऊन तिला “सायकल, सायकल” म्हणून हाका मारायचा, आणि ती पलीकडे रडत रडत “हो बाबा” म्हणायची. आधी परत आला तो “नाही” हा शब्द, अगदी ठणठणीत. मग “अगं” आला. या दोन शब्दांवर घर चालू लागलं.

नऊ नंबरनं दुभाष्याचं काम आपल्याकडे घेतलं, आणि इतर कुणाला ते तिच्यासारखं जमलंही नसतं. तो “चमचा” म्हणायचा आणि ती चष्मा द्यायची. हळूहळू तो तोंड उघडायच्या आधीच ती द्यायला लागली. धाकटा दीर यायचा, मोठ्या भावाशेजारी बसायचा आणि वहिनीकडे बघून विचारायचा, “दादाला चहा हवाय का?” वहिनी म्हणायची, “हवाय.” दादा भिंतीकडे बघायचा.

वाचा शिकवणाऱ्या एक बाई आठवड्याला यायच्या. वयानं मुलीएवढ्या, पण स्वभावानं खंबीर. त्यांनी एकदा जाताना दारात तिला सांगितलं, “तुम्ही त्यांना शब्द फार पटकन देता. सापडेपर्यंत थांबा. चुकीचा आला तरी थांबा.”

“थांबते ना,” नऊ नंबर म्हणाली. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. बस चुकली असती तर ड्यूटीला उशीर झाला असता.

रॉकेट परत सुरू करायची कल्पनाही त्या बाईंचीच. हाताला काम द्या, म्हणाल्या. तिनं माळ्यावरचं खोकं काढून टेबलावर ठेवलं आणि मिस्त्रीनं डाव्या हातानं ते स्वतःकडे ओढून घेतलं. कित्येक दिवस त्यानं त्यातलं सामान नुसतं काढून मांडलं आणि परत भरलं. मग एक दिवस ती कामावरून आली तर नळीवर पेन्सिलीच्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या. पंख चिकटवताना त्यानं कपडे वाळत घालायचे चिमटे वापरले. एक पंख तीनदा उखडून तीनदा चिकटवला. कधी डबी त्याच्या हातून निसटली की सगळ्या टेबलावर गोंद सांडायचा, आणि “नाही, नाही, नाही” असा जप स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा. पण रॉकेट उभं राहिलं. उंचीला हातभर, पंख सरळ, टोक घट्ट.

अस्तराचा रंग दिरानं मारून दिला. त्याच्याकडे फाटकासाठी आणलेला प्रायमरचा डबा उरला होता, करड्या रंगाचा. “दादा, फुकटात काम झालं बघ!” तो म्हणाला. मिस्त्री त्या करड्या रॉकेटकडे बघून काहीतरी म्हणाला. दिरानं ते आभार समजून त्याच्या पाठीवर थाप मारली.

आता वरचा रंग. दीर दुसऱ्याच दिवशी लाल स्प्रे घेऊन हजर. “रॉकेट लालच असतं, वहिनी. यात विचारायचं काय?”

मिस्त्रीनं डब्याचं टोपण पाहिलं. “नाही.”

“अरे, आगीच्या बंबाचा लाल आहे!”

“नाही.”

मग नऊ नंबर त्याच्यासमोर बसली आणि रंग विचारू लागली. निळा? नाही. पिवळा? नाही. पोपटी? नाही. ती रंगांची नावं घेत गेली आणि घेता घेता तिच्या मनात आलं की आपल्या रंगांना त्यांचं स्वतःचं नाव फारसं नसतंच. डाळिंबी, नारिंगी, लिंबी, अबोली, जांभळा, मोरपंखी. सगळी कुठल्या ना कुठल्या वस्तूची नावं. आणि या माणसाच्या डोक्यात वस्तूंचीच नावं इकडची तिकडे झालेली. त्याला रंग सांगायचा म्हणजे दोनदा वाट चुकायची.

“नारिंगी?” ती म्हणाली.

तो थबकला. हात हलवून ‘जवळपास’ अशी खूण केली. “पलंग,” तो म्हणाला. मग स्वतःच वैतागून मान हलवली.

रंगाचं दुकान बसथांब्यासमोर होतं. दुकानदारीण पन्नाशीची, हाताला कायम रंगाचे डाग, आणि गिऱ्हाईक आत आलं की अर्धं तिलाच बोलायचं असायचं. “कशावर मारायचाय?” तिनं विचारलं.

“पुठ्ठ्यावर. आमच्या ह्यांचं रॉकेट आहे.”

“रॉकेट!” दुकानदारीण हसली. “आमच्या ह्यांनी इतक्या वर्षांत बाथरूमचं दार रंगवलं नाही, आणि तुमचे रॉकेट रंगवतायत! भाग्यवान आहात.” आणि बोलणं दारावरून नवऱ्यांवर गेलं. निघताना नऊ नंबरनं शेडकार्ड मागून घेतलं.

घरी मिस्त्रीनं कार्ड उलगडलं, खिडकीपाशी नेलं, तिरकं धरलं, सरळ धरलं. मग डावा अंगठा एका चौकोनावर असा दाबला की तो उचलायलाच तयार नाही. नारिंगीही नव्हे, लालही नव्हे. दोघांच्या मधला, पेटता शेंदरी. तिला तो डोळ्यांत खुपणारा वाटला. पण आवड त्याची होती.

ती डबा घेऊन आली. रॉकेटवर एकदम मारायला नको म्हणून तिनं पुठ्ठ्याचे तुकडे कापले, आणि रॉकेटवर दिसेल तस्साच रंग दिसावा म्हणून त्यांना आधी दिराचं करडं अस्तर दिलं. कामात चोख बाई. आइसक्रीमच्या डब्याच्या झाकणावर तुकडा ठेवून गॅलरीत फवारा मारला, वाळू दिला आणि त्याला नेऊन दाखवला.

त्यानं तुकडा पाहिला. कार्ड पाहिलं. परत तुकडा. “नाही.”

“अहो, हाच तर दाखवलात! नंबर जुळवून आणलाय.”

“नाही.” मग तो थोडा थांबला, ओठ जुळवले, आणि म्हणाला, “खाली.”

लिफ्टवाल्याच्या तोंडून ‘खाली’ आलं तर कुणाला नवल वाटणार? उभा जन्म वर आणि खाली म्हणण्यात गेलेला. शिवाय तो दिवसभर घरात कोंडलेला. तिला वाटलं, याला जरा मोकळ्या हवेत जायचंय. तिनं त्याला कोट चढवला, काठी दिली आणि लिफ्टनं खाली नेऊन बाकावर बसवलं. तो बाकावर बसला आणि तिच्याकडे असा बघत राहिला की जणू तीच काहीतरी भलतंसलतं बोलत होती.

पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या कंपनीचा तोच रंग घेऊन आली. पुन्हा करडा तुकडा, या वेळी वर्तमानपत्रावर ठेवून, पुन्हा फवारा. पुन्हा तसाच मळकट, विटकरीकडे झुकलेला. “नाही,” मिस्त्री म्हणाला. “खाली. खाली.”

या खेपेस दीर तिथेच होता. “डबा खाली झाला म्हणतोय दादा,” त्यानं निर्वाळा दिला, डबा उचलून कानाशी खडखडवला आणि म्हणाला, “नाही रे दादा, चांगला भरलेलाय!” मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले.

रात्रीची भांडी आवरताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला, निदान तिला तसं वाटलं. कार्डावर त्या चौकोनाच्या खाली दुसरा चौकोन होता! खालचा रंग म्हणतोय तो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धावतपळत जाऊन तिनं तो आणला. तो चौकोन गडद होता, जवळजवळ तांबडाच. करड्यावर तर तो वाळलेल्या मातीसारखा दिसला. मिस्त्रीनं तो तुकडा हातात घेतला, दुमडायचा प्रयत्न केला, एका हातानं जमेना, तेव्हा जमिनीवर फेकून दिला. आणि त्या संध्याकाळी तो “नाही”सुद्धा म्हणाला नाही.

नऊ नंबरच्या नाकी नऊ आले. मुलीला फोनवर म्हणाली, “रंग बघायची शक्तीच गेली की काय त्यांची? दाखवतात एक आणि आणला की नको म्हणतात.”

“आई, त्यांना विचार ना नीट.”

“विचारून काय उपयोग? तोंडात येईल तो शब्द बोलतात.” हे ती हळू बोलली नाही. तो शेजारच्या खोलीत होता, आणि कान त्याचे शाबूत होते.

शनिवारी तिनं गॅलरी आवरायला काढली. वर्तमानपत्रांचे कागद गोळा केले, डब्यांची टोपणं लावली, रंगलेले तुकडे एकेक उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकले. शेवटी पहिल्या दिवशीचं ते आइसक्रीमच्या डब्याचं झाकण उचललं आणि ती तशीच उभी राहिली. झाकण पांढरं होतं. मधोमध तुकडा ठेवल्याचा कोरा चौकोन, आणि त्याच्याभोवती उडालेला फवारा. तो फवारा मळकट नव्हता. तो पेटता शेंदरी होता, कार्डावरच्या चौकोनाचा सख्खा भाऊ. तिनं पिशवीतून पहिला तुकडा शोधून काढला आणि झाकणाशेजारी धरला. एकच डबा, एकच फवारा. करड्यावर वीट, पांढऱ्यावर जाळ.

रंग चुकलाच नव्हता. त्याच्या खाली जे होतं ते चुकलं होतं.

ती आत गेली. मिस्त्री खुर्चीत बसला होता. तिनं झाकण त्याच्या मांडीवर ठेवलं, करडा तुकडा त्याच्याशेजारी ठेवला आणि करड्यावर बोट ठेवून विचारलं, “खाली म्हणजे हे? हे पांढरं हवं होतं?”

तो आधी झाकणाकडे बघत राहिला. मग त्याचा पारा चढला. खुर्चीच्या हातावर त्यानं डावी मूठ आपटली. “खाली!” तो ओरडला. “खाली! खाली! खाली!” प्रत्येक वेळी मूठ. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. आणखी शब्द येत होते, “बादली” आला, “गुरुवार” आला, त्याचे त्यालाच ते नकोत हे दिसत होतं, तो ते बाजूला सारून पुन्हा त्या एकाच शब्दावर येत होता. इतक्या महिन्यांत एक शब्द नेमका सापडला होता, तो त्यानं पुन्हा पुन्हा हातात दिला होता, आणि घरच्यांनी त्याला बाकावर नेऊन बसवलं होतं.

तिला वाटलं, याला शांत करावं, पाणी द्यावं, ‘बरं बरं’ म्हणावं. तिनं त्यातलं काही केलं नाही. समोर स्टूल ओढून बसली आणि त्याचं रागावणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला वेळ लागला. मूठ थकली, श्वास बसला, तेव्हा ती म्हणाली, “बरोबर बोलत होतात तुम्ही. मला कळलं नाही.”

“हो,” तो म्हणाला. हा शब्द त्याला क्वचित मिळायचा.

त्या दुपारभर तिच्या मनातून ते जाईना. रडणाऱ्या अनोळखी माणसाच्या अर्ध्या शब्दावरून ती पूर्ण माणूस शोधून द्यायची, कारण तिथे ती एक गोष्ट धरून चालायची: फोन केलाय म्हणजे याला काहीतरी नेमकं सांगायचंय. घरी तिनं तेवढंही धरलं नव्हतं. चुकीच्या शब्दाला बरोबर अर्थ लावायची तिला इतकी सवय झाली होती की बरोबर आलेला शब्दही तिनं चुकीचाच धरला. वाईट तिला रंगाचं वाटत नव्हतं. तिनं न ऐकताच किती गोष्टी परस्पर ठरवून टाकल्या असतील, चहा हवाय, झोप आलीय, मुलीशी बोलून दमलेत, हे मोजायची सोय नव्हती, याचं वाटत होतं.

संध्याकाळी दुकानात जाऊन तिनं पांढरं अस्तर मागितलं. दुकानदारणीला सगळा प्रकार कळला तशी तिनं कपाळाला हात लावला, म्हणजे कपाळालाही रंग लागला. “अहो, करड्यावर मारत होता होय! असले भडक रंग पातळ असतात, खालचं सगळं वर दिसतं. मला आधी सांगायचं नाही का?”

“सांगत होते की ते.”

“कोण?”

“आमचे हे,” नऊ नंबर म्हणाली आणि डबा पिशवीत टाकला.

करडं अस्तर पॉलिशपेपरनं घासायला मिस्त्रीनं कुणाला हात लावू दिला नाही. गुडघ्यांत रॉकेट धरून, डाव्या हातानं, दमून थांबत, परत सुरू करत त्यानं ते स्वतः घासलं. पांढरं तिनं दिलं. शेंदरीच्या दिवशी दोघं गॅलरीत बसली. तिनं वर्तमानपत्राची गुंडाळी करून रॉकेटच्या शेपटीत खोचली आणि ते हळूहळू फिरवत राहिली. त्यानं डाव्या हातानं फवारा मारला. डाव्या हाताला अजून अंदाज नव्हता. एका पंखापाशी बोट जरा जास्तच दाबलं गेलं आणि रंगाचा एक जाड ओघळ खाली उतरला.

“पुसू?” तिनं विचारलं, आणि या वेळी खरंच थांबली. त्याला उत्तर द्यायला इतका वेळ लागला की ओघळ पंखाच्या टोकापर्यंत पोचला.

“नको,” तो म्हणाला. हा शब्द नवीन होता.

रंग कार्डासारखा हुबेहूब आला का? कार्डापेक्षा किंचित जास्तच पेटता आला. शेजारच्या गॅलरीतल्या आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून बघितलं.

पुढच्या रविवारी दिरानं दोघांना आपल्या गाडीतून धावपट्टीवर नेलं. जुने मित्र भेटले, मिस्त्रीला बघून आनंदले, खांद्यावर हात ठेवला, आणि मग जे सगळीकडे व्हायचं तेच इथेही झालं. तो सळईकडे काठी दाखवून काहीतरी म्हणाला, आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी नऊ नंबरकडे वळून विचारलं, “काय म्हणतायत?”

उत्तर तिच्या ओठांवर होतं. रॉकेट ज्या सळईवर उभं करतात ती त्याला तिरपी करून हवी होती. वारा उलटा होता, हे तिलाही कळत होतं. “त्यांनाच विचारा,” ती म्हणाली. “जरा वेळ लागतो.”

गृहस्थ ओशाळले, मिस्त्रीकडे वळले आणि थांबले. मिस्त्रीनं “छत्री” म्हणून पाहिलं. मान हलवली. “पोपट.” पुन्हा मान हलवली. मागे दोघंतिघं घड्याळ बघत होते. दिराला राहवेना, त्यानं तोंड उघडलं, तशी वहिनीनं त्याच्या कोपराला चिमटा काढला. “वा...” मिस्त्री म्हणाला, “वारा.” आणि काठीनं दिशा दाखवली.

“अरे, खरंच की!” म्हणत गृहस्थांनी सळई वाकवली.

मिस्त्रीला खुर्चीवर बसवून बटणाची पेटी त्याच्या मांडीवर दिली. आता उलटे आकडे मोजायचे. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ओळीनं पाठ असलेल्या गोष्टी कधीकधी अशा माणसांना आपोआप येतात. पण सरळ, उलट्या नव्हेत. मिस्त्रीनं श्वास घेतला आणि मोठ्यांदा सुरुवात केली, “एक! दोन! तीन!”

“दादा, उलटं मोजायचं,” दीर कुजबुजला.

मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. “चार!” आकडे धडाधड येत होते, एकाला धरून दुसरा, कुठे अडखळणं नाही. आजूबाजूच्या माणसांनाही आता जोर चढला आणि तेही त्याच्याबरोबर मोजू लागले. “पाच! सहा!” लिफ्ट वर जाताना मजले असेच मोजतात, हे नऊ नंबरला दिसत होतं आणि हसूही येत होतं. सहावर त्याला वाटलं बस झालं, म्हणून त्यानं बटण दाबलं.

फुस्स करून रॉकेट सळईवरून सुटलं. आकाश त्या दिवशीही पांढरट होतं, पण हा ठिपका काही केल्या त्यात मिसळेना. वर जाऊन तो क्षणभर थबकला, पॅराशूट उघडलं, आणि वारा त्याला धावपट्टीपलीकडच्या वाळक्या गवतात घेऊन गेला. लांबून, एवढ्या पिवळट माळावर, कुणीतरी काडी पेटवून ठेवावी तसं ते दिसत होतं.

दीर आणायला धावत सुटणार होता. मिस्त्रीनं काठी आडवी धरून त्याला अडवलं आणि स्वतः उठून निघाला. जमीन खाचखळग्यांची होती. नऊ नंबर त्याच्या बाजूनं चालली, हात धरला नाही, पण हाताच्या अंतरावर राहिली. दोनदा तो थांबला. मध्ये एकदा त्यानं काहीतरी सांगितलं. ते तिला कळलं नाही, आणि तिनं तसं स्पष्ट सांगितलं. तो हसला आणि पुढे निघाला.

रॉकेट आडवं पडलं होतं. एक पंख मुळापासून मोडला होता, रंगाला खरचटून खालचं पांढरं दिसत होतं. त्यानं काठी तिच्या हातात दिली, तिला टेकून वाकला, डाव्या हातानं रॉकेट उचललं, फिरवून फिरवून बघितलं.

“गोंद,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “उद्या.”

मागून कुणीतरी ओरडलं, बाजूला व्हा, पुढचं रॉकेट लावायचंय. ती दोघं पॅराशूट गुंडाळत गवतातून बाहेर आली.